चार मिनिटांचा जेरेल

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझ्या नवऱ्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा मी जर्मनीतल्या एश्बॉर्न गावच्या ऑफिसात एका एक्सेल शीटवरून सहकाऱ्याशी हुज्जत घालत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर भेटलेल्या प्रत्येक बाईने मला विचारलंय, "केतकी, तुला आतून काही जाणवलं का गं?" नाही जाणवलं. मला भूक लागली होती, एवढंच आठवतंय.

ज्यांच्या घरात असं अचानक काही झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरी माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती मलाच नीट कळलेली नाही. घरातली माणसं अशा वेळी किती खोटं बोलतात आणि ते खोटं कुठल्या वाटेने बाहेर येतं, तेवढं मी सांगू शकते.

त्याचा धंदा, माझे फॉर्म

जेरेल ओहायोतल्या एका लहान गावचा. उंची सहा फूट सात इंच. कॉलेजात बास्केटबॉलमध्ये खूप चमकला, पण अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं दार काही उघडलं नाही. अशा मुलांना एजंट जगभर पाठवतात. जेरेल जर्मनीत आला, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. नऊ वर्षांत चार गावं झाली. करार एकाच सीझनचा असतो, ऑगस्ट ते मे. घर क्लबचं, गाडी क्लबची, सोफासुद्धा क्लबचा. मे संपला की किल्ल्या परत द्यायच्या, आणि पुढच्या वर्षी कोण बोलावतंय याची वाट बघत उन्हाळाभर फोन उशाशी घेऊन बसायचं. आमच्या नातेवाइकांना वाटतं मी कुठल्यातरी स्टारशी लग्न केलंय. "टीव्हीवर दिसतात का गं ते?" दिसतात की, गावच्या केबलवर, पाऊण मिनिट.

आमची ओळख एका फॉर्मवरून झाली. मी डार्मश्टाटला शिकत होते. व्हिसाच्या ऑफिसात रांगेत माझ्यापुढे हा ताडमाड माणूस एक जर्मन कागद उलटा-सुलटा करून बघत होता. मला धीर धरवत नाही, हा माझा जुना आजार. मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि भरून टाकला. तेव्हापासून त्याचे सगळे जर्मन कागद मीच भरते. घराचे, विम्याचे, आमची मुलगी सई झाल्यावर तिच्या किटाचे, म्हणजे पाळणाघराचे. तो खाली सही करतो, न वाचता.

हृदय बंद पडलं त्याच्या आदल्या जूनमध्ये आम्ही ओहायोहून परत आलो; त्याच क्लबने पुन्हा बोलावलं होतं म्हणून घर तेच राहिलं होतं. त्याच आठवड्यात जेरेल किचनमध्ये फ्रीजसमोर धाडकन पडला. मी किंचाळले. वीस सेकंदांत त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसला. "उकडतंय," म्हणाला. आणि उकडत होतंच. तो विषय तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये क्लबच्या डॉक्टरकडे तपासणी होती. या धंद्यात करारावर सही झाली तरी ती तपासणी पार पडल्याशिवाय करार पक्का होत नाही. चार पानी फॉर्म. तिसऱ्या पानावर प्रश्न होता, पूर्वी कधी शुद्ध हरपली आहे का? जेरेल तेव्हा बाहेर लहान मुलांच्या बॉलवर सह्या करत होता. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. 'नाइन', म्हणजे 'नाही'च्या चौकोनात फुली मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. तो आत आला, खाली सही केली, आणि आम्ही आइस्क्रीम खायला गेलो.

मंगळवार

जानेवारीत जेरेलला सणसणीत फ्लू झाला. आठवडाभर झोपून होता. उठला आणि लगेच सरावाला गेला, कारण शनिवारी सामना होता. तिथे थ्रो टाकून परत धावताना पडला. हॉलच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथली देखभाल करणाऱ्या माणसाने, भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन काढलं आणि लावलं. त्या माणसाला मी आजही दिसेल तिथे मिठी मारते, आणि तो बिचारा दरवेळी लाजून लाल होतो. अडीच मिनिटं जेरेल नव्हता. नव्हता म्हणजे नव्हताच, मी दुसरं काय म्हणू?

क्लबच्या मॅनेजरचा, हॉल्गरचा, फोन आला. "आल्झो, केतकी," म्हणजे 'हं, तर केतकी', एवढं म्हणाला आणि गप्पच झाला. हॉल्गर गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी एक्सेल शीट तशीच उघडी टाकून निघाले.

आयसीयूमध्ये त्याला झोपवून, मुद्दाम थंड करून ठेवलं होतं, मेंदू वाचावा म्हणून. त्याचे पाय पलंगात मावत नव्हते, म्हणून पायथ्याशी एक जेवणाचं टेबल लावून त्यावर उशी ठेवली होती. मी त्याच्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. फ्रीजमधून काढलेल्या पातेल्यासारखा गार. छाती मात्र वरखाली होत होती. असा गार माणूस श्वास घेताना पाहिला की डोकं काम करायचं थांबतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हार्टच्या डॉक्टर आल्या. फ्राउ फोगेल, बारीक चणीच्या, मान किंचित तिरकी करून ऐकणाऱ्या. त्यांनी विचारलं, "याआधी कधी ते बेशुद्ध पडले होते?"

मी म्हणाले, "नाही."

का? तोपर्यंत करार, क्लब, सगळं गेलंच होतं खड्ड्यात. पण एकदा कागदावर लिहिलेलं होतं ना. तो कागद क्लबच्या डॉक्टरकडे होता, खाली जेरेलची सही होती. मला वाटलं, आता खरं बोलले तर मीच त्याला मारलं असं होईल. म्हणून नवरा आत गार पडलेला असताना मी डॉक्टरच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. ऑगस्टमधल्या फुलीपेक्षा हे वाईट होतं.

चार मिनिटं

तिसऱ्या दिवशी त्याला जागं केलं. त्याने डोळे उघडले, डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदा खोकला. "केट," म्हणाला, "आपण जिंकलो का?"

माझ्या जिवात जीव आला. मी रडत हसत सांगितलं, अरे सामना नव्हता, सराव होता, तू पडलास. त्याने छातीवर हात ठेवला. "सईला कोण आणतंय?" मी म्हटलं, शेजारची आनेट आणतेय. त्याने खिडकीकडे बघितलं. "बर्फ पडतोय?" बर्फ नव्हता. समोरच्या इमारतीचं काम चालू होतं, तिला पांढरं प्लास्टिक लावलं होतं, ते हलत होतं. मी तसं सांगितलं. तो "ओह" म्हणाला, आणि त्याचे डोळे विझले. म्हणजे उघडेच होते, पण आत कोणी नव्हतं.

मग त्याने डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदा खोकला. "केट, आपण जिंकलो का?"

आधी मला वाटलं चेष्टा करतोय. तिसऱ्यांदा झालं तेव्हा अंगावर काटा आला. तेच शब्द, तोच सूर, छातीवर हात त्याच जागी. खोकला त्याच क्षणी. मी घड्याळ लावलं. चार मिनिटं, कधी दहा सेकंद इकडे-तिकडे. सिस्टर मार्टिना म्हणाल्या, "असं होतं. नवीन काही साठवलं जात नाहीये. बहुतेक परत येतं. तुम्ही शांतपणे, थोडक्यात उत्तरं द्या." बहुतेक! त्या एका शब्दावर मी दोन दिवस काढले.

शंभर वेळा तरी झालं असेल. दुपारपर्यंत मला ते सगळं पाठ झालं. एकदा मी वेड्यासारखं केलं. त्याने तोंड उघडायच्या आधी मीच म्हणाले, "केट, आपण जिंकलो का?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी सावकाश, माझ्या सुरात म्हणाला, "अरे सामना नव्हता, सराव होता." मी खोलीबाहेर पळाले. कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या मशीनला टेकून उभी राहिले. सगळं विसरणाऱ्या माणसाच्या आत माझे शब्द कुठेतरी जाऊन बसत होते तर.

घरच्यांना काय सांगणार? जेरेलची मम्मा ओहायोहून व्हिडिओवर, माझी आई पुण्याहून, दोघी एकाच कॉलवर. मम्मा मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होती, आई रामरक्षा. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी थांबायला तयार नव्हत्या. जेरेल फोनकडे बघून हसला. चार मिनिटांनी विचारलं, "मम्माला कळवलंस का?" हा प्रश्न नवीन होता. मार्टिना खूश झाल्या. मला मात्र तो पुढे आलाय की नुसता दुसऱ्या वाटेने फिरतोय, ते कळेना.

मी केलेलं पाप

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला फॉर्मचं सांगितलं.

सरळ सांगते, का ते. तो विसरणार होता. माझ्यासमोर एक माणूस होता, ज्याला काहीही सांगितलं तरी चार मिनिटांत पुसलं जाणार होतं. देवासमोर कबूल करावं तर देव लक्षात ठेवतो. मी त्याचा हात धरून म्हणाले, "जेरेल, तू जूनमध्ये किचनमध्ये पडलास ना, ते मी फॉर्मवर लिहिलं नाही. खोटी फुली मारली. माझ्यामुळे झालं हे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आणखी दोनदा झालं होतं. तुला नाही सांगितलं. कोचला सांगू नकोस."

"कधी? कुठे?" मी विचारलं. त्याने तोंड उघडलं, भुवया जवळ आल्या, आणि डोळे विझले. "केट, आपण जिंकलो का?"

मी परत सांगितलं. परत तेच उत्तर, तितक्याच हलक्या आवाजात. आणखी दोनदा. तुला नाही सांगितलं. कोचला सांगू नकोस. कुठे विचारलं की विझायचा. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत गेले. पहिल्या दोन-तीन वेळा मला मन हलकं करायचं होतं. नंतर मी चौकशी करत होते, आणि माझा नवरा ज्या अवस्थेत होता तिचा फायदा घेत होते. त्याला दरवेळी ते नव्याने ऐकावं लागत होतं, दरवेळी त्याचा चेहरा नव्याने पडत होता. एकोणिसाव्या रेघेला मार्टिना आत आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "फ्राउ केतकी, आता घरी जा. अंघोळ करा." मला वाटलं त्यांना सगळं कळलंय. कळलं नव्हतं. माझे केस खरंच वाईट दिसत होते.

पार्किंगमधली गाडी

घराजवळच्या ट्रामच्या स्टॉपवर जेरेलचं पोस्टर होतं. माणसापेक्षा मोठं, बोट समोर रोखलेलं, खाली 'शनिवारी या!' तो शनिवार होऊन गेला होता. मी रोज त्या बोटासमोर उभी राहून ट्रामची वाट बघायचे. आठव्या दिवशी मी पाठ करून उभी राहिले. तरी मानेला जाणवत होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी घरी डबा भरत होते. खाली पार्किंगमध्ये क्लबची गाडी येऊन थांबली. आमची गाडी, जेरेलची, दारावर अकरा नंबर. दार उघडलं आणि एक उंच माणूस बाहेर आला, क्लबचा ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी, तसाच खांदे किंचित पाडून. छताला डोकं आपटायची सवय झालेली माणसं उतरतात तसा, आधी एक हात दारावर ठेवून. माझ्या हातातली पोळी खाली पडली. सईने खिडकीतून पाहिलं आणि "पापा!" करत जिना उतरून धावत सुटली. मी तिच्या मागे. ती त्याच्या पायाला बिलगली आणि वर बघून एकदम गप्प झाली.

तो टेक्सासचा होता, ट्रे नावाचा. दुखापत झाली की क्लब महिनाभर थांबत नाही, दुसरा अमेरिकन बोलावतो, तो तीन दिवसांत विमानातून उतरतो. त्याला तीच गाडी मिळते, तोच नंबर मिळतो. हॉल्गर बाजूला उभा होता, कसनुसा झाला होता. "आल्झो, केतकी, फक्त घर बाहेरून दाखवत होतो. घाई नाही. महिनाअखेरीस वगैरे." ट्रे टोपी काढून म्हणाला, "मॅम, मला माहीत नव्हतं आत तुम्ही आहात म्हणून. खूप वाईट वाटतंय." बिचारा चोवीस वर्षांचा असेल. त्याच्यावर काय ओरडणार? हॉल्गरवर ओरडले. मराठीत ओरडले, आणि त्याला बरोबर कळलं.

सई दिवसभर खिडकीशी बसून राहिली. झोपताना तिने जर्मनमध्ये विचारलं, "हॉस्पिटलात आहे तो खरा पापा आहे ना?"

बदलून आलेले

पाचव्या-सहाव्या दिवसापासूनच चार मिनिटांची चाळीस झाली होती, मग तास झाले, मग एके दिवशी तो सकाळी मला म्हणाला, "काल तू निळा स्वेटर घातला होतास." मी इतकी रडले की शेजारच्या पेशंटने घंटी वाजवली. त्या चार मिनिटांमधलं मात्र त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

निदान निघालं ते बरं निघालं. फ्लूमुळे हृदयाला सूज आली असावी. डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, पुन्हा ठोके बिघडले तर आतूनच शॉक देणारं. फ्राउ फोगेल म्हणाल्या, सूज पूर्ण उतरली आणि याआधी कधी काही झालेलं नसेल, तर सहा महिन्यांनी खेळण्याचा विचार करता येईल. 'याआधी कधी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र ते माझ्यासाठीच वाटलं.

आई पुण्याहून आली. आम्ही दुसरं घर घेतलं होतं, छोटं, आमच्या नावावरचं. आईने पहिल्या दिवशी जावयाला औक्षण केलं, तो वाकून उभा राहिला, सगळं नेहमीसारखं. संध्याकाळी ती मला किचनमध्ये ओढून म्हणाली, "अगं, जावईबापू बदलून आलेत. मला कसंतरीच होतंय त्यांच्याकडे बघून."

"काहीतरीच काय, आई!"

"अगं, बघ तरी. बोलताना मध्येच थांबतात, आतून कोणीतरी सांगेल म्हणून ऐकत बसल्यासारखे."

मी तिच्यावर डाफरले. पण मीही ते पाहिलं होतं. तो शॉकची वाट बघत असायचा. कधी चहा ओतताना दचकून छाती धरायचा, "बसला! आत्ता बसला शॉक!" पलंगाशेजारी एक डबी असते, ती यंत्राची नोंद हॉस्पिटलला पाठवते. हॉस्पिटलला फोन केला की ते सांगायचे, काहीही झालेलं नाही, एकही शॉक नाही. पाचदा असं झालं. त्याला बसलेला शॉक आणि नोंदीत काहीच नाही. तो चिडायचा, "मग मला बसला तो कोणी दिला?" अशा यंत्राच्या पेशंटना असं वाटतं, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या घरी होत असेल तर घाबरू नका, आणि त्याला खोटारडा म्हणू नका. मी एकदा म्हणाले होते.

आणि मग त्याच्या एजंटचा फोन आला. दुसऱ्या देशातला एक छोटा क्लब, पुढचा सीझन, त्यांना फक्त डॉक्टरचा कागद हवा होता. त्या दिवशी जेरेल कित्येक महिन्यांनी हसला. आईलासुद्धा पटलं, "हे आपले जेरेल." तो बाल्कनीत बॉल घेऊन बसला आणि नुसता एका हातातून दुसऱ्या हातात टाकत राहिला. मी दाराआडून बघत होते. मला माहीत होतं की हा माणूस तिकडे जाऊन मरेल. आणि हेही माहीत होतं, की हे मला ज्याने सांगितलं तो चार मिनिटांचा जेरेल आता अस्तित्वातच नव्हता.

कागद

फ्राउ फोगेलच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. तपासण्या चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणणार नाही. धोका आहे, तो तुम्हाला समजावून सांगते, आणि निर्णय तुमचा. मात्र पुन्हा एकदा विचारते. फ्लूच्या आधी कधी चक्कर, शुद्ध हरपणं, काही?"

"कधीच नाही," जेरेल म्हणाला. किती सहज म्हणाला!

"तीनदा," मी म्हणाले.

माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला. मी सगळं सांगितलं, किचन, फॉर्म, ऑगस्ट, कॉरिडॉरमधलं खोटं. जेरेल ऐकत होता. फॉर्मचं ऐकून त्याने नुसती मान हलवली, मग म्हणाला, "ते एकदा झालं. बाकीचे दोन कुठून आणलेस? कोणी सांगितलं तुला?"

"तूच."

"मी? कधी?"

"हॉस्पिटलात. एकोणीस वेळा."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. फ्राउ फोगेल अगदी हळू बोलल्या, "अशा अवस्थेत रुग्ण कधी कधी न घडलेल्या गोष्टीही सांगतात. एकसारख्या, पुन्हा पुन्हा. त्यावर मी विसंबू शकत नाही." मग त्या जेरेलकडे वळल्या. "पण जर खरं असेल, तर ही फ्लूची सूज नाही. मग हृदयातच काही आहे, आणि ते बहुतेक वेळा घराण्यातून येतं. तसं असेल तर मला तुमच्या मुलीचं हृदय तपासावं लागेल."

माझा नवरा माझ्या शेजारी बसला होता आणि मी त्याला नाही, पलंगावरच्या त्या दुसऱ्याला खरं मानत होते. तो खोटा निघाला तर मी जेरेलचं आयुष्य उगाच संपवलं होतं. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बोल रे, काहीतरी बोल.

"एकदा शॉवरमध्ये," जेरेल म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "आणि एकदा गाडीत. गेल्या वर्षी मार्चमध्ये. सिग्नलला थांबलो होतो."

"गाडीत आणखी कोण होतं?" फ्राउ फोगेलनी विचारलं.

"सई."

पुढचं मी घरी आल्यावर ओरडून ओरडून बोलले, ते इथे लिहीत नाही. आई सईला घेऊन खाली बागेत गेली, इतकं बोलले. त्यानंतर दहा महिने हा माणूस तिला मागे बसवून गाडी चालवत होता! शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं, सांगितलं की ते खरं होईल." मला चीड आली, आणि कळलंही. मीही फुली मारताना हाच विचार केला होता. त्याने माझ्यासमोर एजंटला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. नऊ वर्षांचा धंदा, फोन दोन मिनिटांचासुद्धा झाला नाही.

सईच्या तपासण्या झाल्या. आज तिचं हृदय चांगलं आहे. दर वर्षी बघायचं, एवढंच. तुमच्यापुढे असा फॉर्म आला तर खरं लिहा, यापेक्षा शहाणपणाचं माझ्याकडे काही नाही.

एक राहिलं. त्या दिवशी भांडण संपल्यावर मी सईजवळ जाऊन बसले. ती चित्र रंगवत होती. मी विचारलं, "सई, पापा कधी गाडीत झोपला होता का गं? लाल दिव्यापाशी?"

"जा," म्हणजे हो, ती म्हणाली, वर न बघता. मग जर्मनमध्ये सगळं सांगितलं, रंगवता रंगवता. दिवा हिरवा झाला, मग लाल झाला, मग परत हिरवा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एक काका खिडकीशी येऊन आत बघून गेले. मग पापा उठला.

"मग तू हाक नाही मारलीस त्याला?"

तिने ब्रश थांबवला आणि मला काहीच कसं कळत नाही अशा नजरेने बघितलं. "आई, श्पीलटाग होता ना!"

श्पीलटाग म्हणजे सामन्याचा दिवस. त्या दिवशी दुपारी सगळे खेळाडू झोपतात, दोन तास, त्याशिवाय संध्याकाळी पाय चालत नाहीत. सकाळचा हलका सराव संपवून ते दोघं त्या झोपेसाठीच घरी येत होते. त्या दोन तासांत चमचा पडला तरी मी सईवर डोळे वटारायचे. आज श्पीलटाग आहे, पापाला उठवायचं नाही, काही झालं तरी नाही. हे मी तिला बोलता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलंय. आणि पाच वर्षांची पोर मागच्या सीटवर पट्ट्यात अडकून, चहूकडून हॉर्न वाजत असताना, बापाची खाली पडलेली मान बघत शहाण्यासारखी गप्प बसली.

आता जेरेल मुलांना खेळ शिकवतो, शिट्टी गळ्यात घालून, खुर्चीवर बसून. दुपारी सोफ्यावर जरा आडवा झाला की सई येते, त्याचा दंड दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवते आणि विचारते, "पापा, जागा आहेस?" तो डोळे उघडून "जागा आहे" म्हणतो. पाच मिनिटांनी ती परत येते. त्याला धड झोप मिळत नाही, कधी कधी वैतागतोही. आम्ही तिला थांबवत नाही.